क्युरी, बेक्वेरेल आणि सदतिसाचा पाढा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोनाराच्या दुकानात आपण भाव तोळ्यात विचारतो आणि पावती मात्र ग्रॅममध्ये घेतो. जुन्या हिशेबानं बारा माशांचा एक तोळा. आजच्या वजनात तो ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरतो. पण आता दुकानात तोळा म्हटलं की दहा ग्रॅम समजायचे, असं कधीतरी ठरून गेलं. शब्द तोच राहिला, आतलं वजन बदललं. पैशांचंही तसंच. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे आले. आणा सरकारी हिशेबातून गेला. पण 'सोळा आणे खरं' हे बोलणं काही गेलं नाही. माप बदलणं सोपं असतं, माणसाच्या तोंडातलं माप बदलणं कठीण असतं.

आज मी ज्या मापांविषयी बोलणार आहे ती बाजारात मिळत नाहीत. ती डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, त्यांना वास नाही. ती किरणोत्सर्गाची मापं आहेत. मी कवी माणूस, बी.ए. झालेला; प्रयोगशाळेशी माझा संबंध शाळेपुरता. पण या मापांची गोष्ट केवळ शास्त्रज्ञांची नाही. त्यांच्या आकड्यांवरून माणसांनी गावं सोडली आहेत, दूध ओतून दिलं आहे, औषध म्हणून विष प्यायलं आहे. आणि हे आकडे वाचायला लागणारं गणित पाचवी-सहावीच्या मुलालाही येण्यासारखं आहे. म्हणून ती गोष्ट सांगावीशी वाटते.

सुरुवात १८९६ सालची, पॅरिसमधली. त्याच्या आदल्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले होते आणि सगळं विज्ञानविश्व त्या किरणांच्या मागे लागलं होतं. हेन्री बेक्वेरेल युरेनियमच्या क्षारांवर प्रयोग करत होते. क्षार उन्हात तापवायचे आणि काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर त्यांचा ठसा उमटतो का पाहायचं, असा बेत होता. फेब्रुवारीच्या अखेरीस पॅरिसचं आभाळ भरलं, ऊन मिळेना. त्यांनी काच आणि क्षार खणात ठेवून दिले. १ मार्चला काच धुतली, तर ऊन न लागताही ठसा गडद उमटलेला. म्हणजे जे काही बाहेर पडत होतं ते सूर्याकडून उसनं घेतलेलं नव्हतं. ते युरेनियमच्या आतूनच येत होतं.

दोन वर्षांनी, १८९८ साली, मेरी आणि पिएर क्युरी यांनी जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम ही दोन नवी मूलद्रव्यं जाहीर केली. बोहेमियातल्या जोआकिमस्टाल इथल्या खाणीतून आलेला टनावारी गाळ उकळून, गाळून, पुन्हा उकळून मेरी क्युरी यांनी १९०२ पर्यंत एक दशांश ग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड हाती आणलं. टनांतून गुंजभर! १९०३ साली बेक्वेरेल आणि क्युरी पती-पत्नी या तिघांना मिळून पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. १९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसच्या रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून पिएर क्युरी गेले.

आता मापाचा प्रश्न कसा उभा राहिला ते पाहू. रेडियमचा व्यवहार सुरुवातीला वजनावर चाले. डॉक्टर मिलिग्रॅममध्ये रेडियम मागवत. पण रेडियमपासून एक वायू सुटतो. आज आपण त्याला रेडॉन म्हणतो, तेव्हा त्याला 'इमॅनेशन', म्हणजे रेडियममधून झिरपणारं काहीतरी, असं म्हणत. हा वायू इतका थोडा असतो की तो तराजूत घालण्याची सोयच नाही. त्याचं अस्तित्व कळतं ते फक्त त्याच्या किरणांवरून. मग एका देशातल्या प्रयोगशाळेनं 'इतका वायू घेतला' असं लिहिलं, तर दुसऱ्या देशातल्या माणसानं ते समजायचं कसं? पायली गावोगावी वेगळी भरावी तशी स्थिती होती.

म्हणून सप्टेंबर १९१० मध्ये ब्रुसेल्स इथं भरलेल्या परिषदेत एक आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. अर्नेस्ट रुदरफोर्ड अध्यक्ष, व्हिएन्नाचे श्टेफान मायर चिटणीस. मेरी क्युरी, फ्रेडरिक सॉडी, ओटो हान, बर्ट्रम बोल्टवुड असे त्या काळचे मोठे जाणकार सभासद. एककाला 'क्युरी' नाव द्यायचं ठरलं. दिवंगत पिएर क्युरी यांच्या स्मरणार्थ हे नाव सुचवल्याचं रुदरफोर्ड यांनी त्याच वर्षी 'नेचर' नियतकालिकात लिहिलं.

पण एक क्युरी म्हणजे किती? सोयीचं म्हणून अगदी बारीक परिमाण घ्यावं असा काहींचा विचार होता, कारण प्रयोगशाळेत हाताळली जाणारी मात्रा तेवढीच बारीक असे. मेरी क्युरी यांना ते मान्य झालं नाही. इतक्या नगण्य मात्रेला क्युरी हे नाव शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेवटी त्यांच्याच मनासारखं झालं: पूर्ण एक ग्रॅम रेडियमबरोबर समतोलात असणारा जेवढा रेडॉन, तो एक क्युरी.

त्या काळी एक ग्रॅम रेडियम म्हणजे काय, याची कल्पना पुढच्या एका प्रसंगावरून येते. १९२१ साली अमेरिकेतल्या स्त्रियांनी वर्गणी काढून मेरी क्युरी यांना एक ग्रॅम रेडियम भेट दिलं. अध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते व्हाइट हाउसमध्ये तो समारंभ झाला. त्या एका ग्रॅमची किंमत होती एक लाख डॉलर. म्हणजे ब्रुसेल्सला ठरलेलं एकक हे दुकानदारानं रोजचं माप म्हणून थेट मण ठेवावा तसं होतं. व्यवहारात त्याचे तुकडेच वापरावे लागणार होते: हजारावा भाग मिलिक्युरी, दहा लाखावा मायक्रोक्युरी, अब्जावा नॅनोक्युरी. पुढच्या सगळ्या गोंधळाचं बी इथं आहे. एकक इतकं मोठं ठरलं की माणसाला घातक ठरणारी मात्राही त्याच्या पुढे 'मायक्रो' दिसू लागली.

एककाला नमुना लागतो. मेरी क्युरी यांनी १९११ साली २१.९९ मिलिग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड काचेच्या नळीत बंद केलं. १९१२ साली त्याची तुलना व्हिएन्नात तयार झालेल्या नमुन्यांशी केली गेली आणि दोन्ही एकमेकांना जुळले. क्युरीबाईंचा नमुना १९१३ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्र इथं, जिथं मीटर आणि किलोग्रॅमचे नमुने ठेवलेले होते तिथं, जमा झाला.

दरम्यान दुसराच एक प्रश्न सुटत आला होता. एक ग्रॅम रेडियममध्ये दर सेकंदाला किती अणू फुटतात? रुदरफोर्ड आणि हान्स गायगर यांनी १९०८ साली मँचेस्टरमध्ये अल्फा कण एकेक करून मोजले आणि उत्तर काढलं: ३४ अब्ज. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं. रॉबर्ट लॉसन नावाचा इंग्रज संशोधक तेव्हा व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेत होता; तो शत्रूच्या राजधानीत अडकला. पण तिथल्या सहकाऱ्यांनी त्याला काम करू दिलं. त्यानं आणि ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर हेस यांनी मिळून १९१८ साली आकडा दिला ३७.२ अब्ज. दोघांचे देश एकमेकांशी लढत होते आणि हे दोघं एकाच टेबलाशी बसून अणूंचं फुटणं मोजत होते. या इतिहासातली मला सर्वांत आवडलेली जागा हीच.

पुढेही आकडे थोडे मागेपुढे होत राहिले. अखेर १९३० साली ३७ अब्ज हा गोळाबेरीज आकडा रूढ झाला. आणि १९५० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी रेडियमचा हात सोडून दिला: कोणताही किरणोत्सर्गी पदार्थ घ्या, त्यात सेकंदाला ३७ अब्ज अणू फुटत असतील तर तो एक क्युरी. गंमत अशी की एक ग्रॅम रेडियम अधिक काटेकोरपणे मोजलं तर ते सेकंदाला ३६.६ अब्जच भरतं. म्हणजे ज्या ग्रॅमवरून क्युरी जन्मला, तो ग्रॅम आज एक क्युरी भरत नाही. तोळ्याचं झालं तेच क्युरीचं झालं.

हा ३७ आकडा अडचणीचाच. १९४६ साली अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या काँडन आणि कर्टिस यांनी सरळ दशमान एकक सुचवलं: सेकंदाला दहा लाख विघटनं म्हणजे एक 'रुदरफोर्ड'. सुटसुटीत होतं, नावही थोर होतं. पण चाललं नाही. इस्पितळांच्या नोंदवह्या, कारखान्यांची लेबलं, डॉक्टरांची सवय, सगळं क्युरीत होतं.

मग १९७५ साली पॅरिसला वजनमापांची पंधरावी सर्वसाधारण परिषद भरली. तिनं नवं एकक मान्य केलं: सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेक्वेरेल. यापेक्षा सोपी व्याख्या असू शकत नाही. एक अणू फुटला, एक मोजा. परिषदेनं कारणंही नोंदवली आहेत: तज्ज्ञ नसलेल्यांना एककं वापरायला शक्य तितकी सोपी व्हावीत, आणि उपचारांत चूक झाली तर तिचा धोका गंभीर असतो. म्हणजे आपल्यासारख्या सामान्यांचा विचार त्या ठरावात होता.

आता तो पाढा. एक क्युरी म्हणजे ३७ अब्ज बेक्वेरेल, आपल्या भाषेत ३,७०० कोटी. एक मिलिक्युरी म्हणजे ३ कोटी ७० लाख. एक मायक्रोक्युरी म्हणजे ३७ हजार. एक नॅनोक्युरी म्हणजे नुसते ३७. दर पायरीला तीन शून्यं कमी होतात, ३७ तसेच राहतात. उलट जायचं असेल तर एक बेक्वेरेल म्हणजे २७ पिकोक्युरी. पिको म्हणजे नॅनोचाही हजारावा भाग. हे २७ कुठून आले? सदतीस गुणिले सत्तावीस करून पाहा: ९९९ येतात, हजाराला एकच कमी. म्हणून जायला ३७ आणि यायला २७ एवढं लक्षात ठेवलं की कागद-पेन्सिलीवर काम भागतं.

पण या बदलानं एक गोष्ट झाली, जिचा विचार फारसा झाला नव्हता. क्युरीत मोठं संकट लहान दिसायचं. बेक्वेरेलमध्ये लहानशी गोष्टही राक्षसी दिसू लागली. दोन्ही बाजूंची उदाहरणं इतिहासात आहेत.

आधी क्युरीच्या बाजूचं. १९२० च्या दशकात अमेरिकेत 'रेडिथॉर' नावाचं टॉनिक मिळत असे: रेडियम घातलेलं पाणी, छोट्याशा बाटलीत. एका बाटलीत साधारण एक मायक्रोक्युरी रेडियम आणि जवळपास तेवढंच त्याचं दुसरं रूप. 'मायक्रो' म्हटल्यावर काय वाटतं? मुंगीएवढं. पण सदतिसाचा पाढा लावला तर एक मायक्रोक्युरी म्हणजे दर सेकंदाला ३७ हजार स्फोट, आणि रेडियम शरीरात हाडांत जाऊन बसतं. एबेन बायर्स नावाच्या श्रीमंत उद्योगपतीनं अशा हजाराहून अधिक बाटल्या रिचवल्या. त्याच्या जबड्याची हाडं झडली आणि १९३२ साली तो मरण पावला. त्याच सुमारास घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकता रंग लावणाऱ्या, ब्रशाला ओठांनी टोक काढणाऱ्या कामगार मुलींचे जबडेही असेच गेले होते. न्यू जर्सीतल्या पाच जणींचा खटला १९२८ साली तडजोडीनं मिटला. बायर्स श्रीमंत होता म्हणून जग हललं. त्या मुली त्याच्या आधीपासून मरत होत्या.

या सगळ्यांच्या हाडांच्या अभ्यासातून रॉब्ली इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ साली मर्यादा ठरवली: माणसाच्या शरीरात रेडियम एक दशांश मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. म्हणजे एक दशांश मायक्रोक्युरी. म्हणजे ३,७०० बेक्वेरेल.

हा आकडा जरा बाजूला ठेवा आणि आता स्वतःकडे पाहा. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात पोटॅशियम असतं. भाजीतून, डाळीतून, केळ्यातून येतं. त्यातला थोडासा भाग जन्मतःच किरणोत्सर्गी आहे. सत्तर किलोच्या माणसात या पोटॅशियममुळे दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणू फुटत असतात. म्हणजे निव्वळ आकडा पाहिला तर आपण सगळे इव्हान्सची मर्यादा ओलांडून बसलो आहोत! मग आपण धडधाकट कसे? कारण बेक्वेरेल फक्त फुटण्याची संख्या सांगतो, फुटल्यावर काय झालं ते सांगत नाही. रेडियम हाडात ठाण मांडून जड अल्फा कणांचा मारा एकाच जागी करतं. पोटॅशियम अंगभर पसरलेलं असतं आणि त्याचे किरण हलके असतात.

मिरची कांडपाच्या गिरणीत दिवसभरात किती किलो मिरची कुटली हे एक माप. शेजारून जाणाऱ्याला किती ठसका लागला हे दुसरं. ठसका अंतरावर अवलंबून, वाऱ्यावर अवलंबून, नाकाला रुमाल होता की नाही यावर अवलंबून. क्युरी आणि बेक्वेरेल ही मिरचीची मापं आहेत. ठशाचं नव्हे, ठसक्याचं माप वेगळं आहे. त्याला सिव्हर्ट म्हणतात आणि ते १९७९ साली मान्य झालं. बेक्वेरेलचे क्युरी पाढ्यानं होतात. बेक्वेरेलचे सिव्हर्ट पाढ्यानं होत नाहीत. त्यासाठी पदार्थ कोणता, तो शरीराच्या आत आहे की बाहेर, हे कळावं लागतं. बातम्यांमधला निम्मा गोंधळ या दोन मापांच्या सरमिसळीतून येतो.

आता चेर्नोबिल. २६ एप्रिल १९८६ रोजी अपघात झाला. सीझियम वाऱ्या-पावसाबरोबर युक्रेन, बेलारूस, रशियाच्या शेतांवर उतरलं. कोणत्या गावात किती, याचे नकाशे झाले. पण ते सर्वसामान्यांच्या हाती जवळजवळ तीन वर्षं आले नाहीत, १९८९ साली वर्तमानपत्रांत छापले गेले. आजही ते नकाशे पाहिले तर त्यांवरच्या रेषा विचित्र आकड्यांच्या आहेत: दर चौरस मीटरला ३७ हजार, १ लाख ८५ हजार, ५ लाख ५५ हजार, १४ लाख ८० हजार बेक्वेरेल. एवढे आडनिडे आकडे कुणी का ठरवावेत? सदतिसानं भागा. उत्तरं येतात एक, पाच, पंधरा, चाळीस. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी दर चौरस किलोमीटरला एक, पाच, पंधरा, चाळीस क्युरी अशा गोळाबेरीज रेषा ओढल्या होत्या. त्याच नव्या एककात भाषांतरित होऊन राहिल्या.

या रेषांवर माणसांचं काय काय ठरलं! एक ते पाचच्या पट्ट्यात देखरेख आणि सवलती. पाच ते पंधरामध्ये गाव सोडण्याचा हक्क. पंधराच्या वर स्थलांतर बंधनकारक, चाळीसच्या वर ताबडतोब. चौदा क्युरीच्या गावातली आजी आणि सोळा क्युरीच्या गावातली आजी यांच्या शेतांत, हवेत, गाईंत फारसा फरक नसेल. पण एकीचं घर राहिलं आणि एकीचं गेलं. रेषा कुठंतरी ओढावीच लागते, हे मान्य. पण ती रेषा पंधरावरच का आली, याचं एक साधं कारण असं की माणसाला पाचाच्या पाढ्यातले आकडे सोयीचे वाटतात. निसर्गाला पाचाचा पाढा येत नाही.

हाच ३७ आपल्या मुंबईच्याही दारात आला होता. चेर्नोबिलनंतर युरोपीय समुदायानं मे १९८६ अखेर आयात होणाऱ्या दुधासाठी आणि बाळांच्या अन्नासाठी मर्यादा घातली: किलोला ३७० बेक्वेरेल. पुन्हा सदतिसानं भागा: बरोबर दहा नॅनोक्युरी. त्यानंतर युरोपीय समुदायाच्या मदतीतून आयर्लंडचं सुमारे दोनशे टन लोणी भारतात आलं. ते किरणोत्सर्गी आहे, वाटू नका, असं म्हणत प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. न्यायालयानं एम. जी. के. मेनन, पी. के. अय्यंगार यांच्यासारख्या तज्ज्ञांची समिती नेमली. लोणी खाण्यास सुरक्षित असल्याचा निर्वाळा तिनं दिला आणि १९८८ साली याचिका फेटाळली गेली. निर्णय शास्त्राला धरून झाला. पण मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. घरात लहान मूल असलेल्या बाईला त्या दिवसांत 'सुरक्षित आहे' किंवा 'विषारी आहे' यांपैकी एकावर विश्वास ठेवण्यावाचून पर्याय नव्हता. मधला आकडा तिच्या भाषेत कुणी समजावून सांगितला असता, तर तिचं भय किंवा तिचा भरवसा, दोन्ही तिचे स्वतःचे झाले असते.

त्यानंतर २०११ चा मार्च. फुकुशिमाच्या अपघातानंतर टोकियोच्या एका जलशुद्धीकरण केंद्रातल्या पाण्यात लिटरला २१० बेक्वेरेल किरणोत्सर्गी आयोडीन सापडलं. तान्ह्या बाळांसाठीची मर्यादा होती १००. दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या पाहता पाहता संपल्या. हाच आकडा क्युरीत सांगितला असता तर 'साडेपाच-पावणेसहा नॅनोक्युरी' झाला असता, आणि कुणी मान वर करून पाहिलंही नसतं. त्या पाण्यानं बाळाचं दूध न करण्याचा सल्ला योग्यच होता. आयोडीन थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं आणि बाळाची ग्रंथी इवलीशी असते. पण त्याच आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं. आठ दिवसांनी निम्मं, सोळा दिवसांनी पाव. सोन्याच्या तोळ्याला तारीख लागत नाही. किरणोत्सर्गाच्या मापाला तारीख लागते. ती सांगितली नाही तर माप अपुरं.

ऑगस्ट २०२३ पासून त्याच फुकुशिमातून प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडलं जात आहे. त्यातल्या ट्रिशियमची वार्षिक मर्यादा आहे २२ लाख कोटी बेक्वेरेल. आकडा ऐकून छाती दडपते. क्युरीत तो सुमारे सहाशे होतो. आणि वजनात? ग्रॅमचा सोळावा-सतरावा हिस्सा, चिमटीत न येणारा. मग खरा आकडा कोणता? तिन्ही खरे. ज्याला घाबरवायचं आहे तो पहिला सांगेल, ज्याला निश्चिंत करायचं आहे तो तिसरा. म्हणून तर तिन्ही वाचता आले पाहिजेत.

वजनानं किती फसगत होते तेही पाहा. एक क्युरी होण्यासाठी युरेनियम-२३८ लागतं जवळजवळ तीन टन, रेडियम एक ग्रॅम, कोबाल्ट-६० एक मिलिग्रॅमहूनही थोडं कमी. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या दवाखान्यातलं एक यंत्र भंगारात गेलं. आत शंभर ग्रॅमच्याही आतबाहेरचं, अंधारात निळं चमकणारं सीझियमचं मीठ होतं. लोकांनी ते कुतूहलानं हाताळलं, नातलगांत वाटलं. चौघांचा जीव गेला, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी. एक लाखाहून अधिक लोकांना तपासावं लागलं. ते मूठभर मीठ होतं १,३७५ क्युरीचं.

क्युरी आजही गेलेला नाही. अमेरिकेत नियामक संस्थांच्या कागदांत तो ठाण मांडून आहे. आपल्याकडे डॉक्टर थायरॉइडच्या रुग्णाला आयोडीनची मात्रा 'दहा मिलिक्युरी' अशी सांगतात. छापील अहवालात तीच ३७० मेगाबेक्वेरेल असू शकते. लासलगावला २००२ साली सुरू झालेल्या विकिरण केंद्रात कोबाल्ट-६० चे किरण कांद्याला, पुढे अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला दिले गेले; अशा केंद्रांतल्या कोबाल्टचा हिशेबही माणसं अजून किलोक्युरीत बोलतात. दोन भाषा शेजारी शेजारी नांदत असल्या की भाषांतराची चूक जीवघेणी ठरू शकते. अमेरिकेतल्या अणुनियामक आयोगाच्या नोंदींत अशा घटना आहेत की मायक्रोक्युरीच्या जागी मिलिक्युरीची मात्रा दिली गेली. एका अक्षराचा फरक, हजारपट आयोडीन, आणि निरोगी थायरॉइड ग्रंथी गेली. १९७५ च्या ठरावाला नेमकी हीच भीती होती.

मेरी क्युरी ४ जुलै १९३४ रोजी गेल्या, रक्त तयार करणारी मज्जा निकामी होण्याच्या आजारानं. आपल्या पतीचं नाव नगण्य मात्रेला नको, असा आग्रह त्यांनी धरला होता. पुढच्या शतकानं दाखवलं की या व्यवहारात नगण्य मात्रा नावाची गोष्ट फार सावधपणे म्हणावी लागते. मात्र म्हणून प्रत्येक बेक्वेरेलला भ्यायचंही कारण नाही. तसं भ्यायचं तर आधी स्वतःच्या शरीराला भ्यावं लागेल.

तारापूरला १९६९ साली अणुवीज सुरू झाली, तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी १९५६ सालीच चालू झाली होती. आपल्या राज्याला हा विषय परका नाही. उद्या वर्तमानपत्रात असा एखादा आकडा आला तर एवढंच विचारा: पदार्थ कोणता? किती लिटरमध्ये, किती किलोत, की किती जमिनीवर? मोजला कोणत्या तारखेला? आणि तो अंगाबाहेर आहे की पोटात जाणार आहे? मग हवं तर सदतिसानं गुणा किंवा भागा. या चार उत्तरांविना दिलेला आकडा कितीही शास्त्रीय दिसला, तरी तो माहिती नसतो. तो एकतर धाक असतो, नाहीतर दिलासा. आणि दोन्ही गोष्टी दुसऱ्याच्या हातून घेण्याआधी आपण आपलं माप लावून पाहिलेलं बरं.